तिथीची पाऊणपट

येडशीच्या चौकातून चार रस्ते फुटतात. एक सोलापूरला, एक बीडला, एक बार्शीला, एक लातूरला. गाव बालाघाटाच्या काठावर वसलेलं. इथल्या डोंगरावर पडलेला पाऊस पश्चिमेला उतरला तर सीनेत जातो, तिथून भीमेत आणि कृष्णेत. पूर्वेला वळला तर तेरणा, मांजरा असं करत गोदावरीला मिळतो. दोन्ही वाटा अखेर बंगालच्या उपसागरालाच लागतात. कोकणच्या समुद्रात येडशीचा एक थेंबही पोचत नाही.

या लेखासाठी संपादकांनी ‘किनारा’ हा विषय गेल्या हिवाळ्यातच सांगून ठेवला होता. नेमक्या त्याच सुमारास येडशी, तेर आणि ढोकीकडची सात-आठ मंडळी रत्नागिरीला निघायची तयारी करत होती. ही सगळी गळ टाकणारी माणसं. रविवारी सकाळी धरणाच्या काठावर बसायचं आणि दुपारी घरी यायचं, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. त्यांच्यातल्या एकाचे साडू रत्नागिरीला नोकरीत आहेत आणि तिथल्या हौशी गळवाल्यांच्या गटात आहेत. त्या गटाची दर हिवाळ्यात पुळणीवर एक घरगुती स्पर्धा होते. तिची जाहिरात नसते, मोठं बक्षीसही नसतं. या वेळी साडूंनी आग्रहाने निरोप धाडला, ‘तुमचे धरणवाले घेऊन या.’ मीही त्यांच्याबरोबर गेलो.

तळ पाहिलेली माणसं

या मंडळींत सर्वांत वडील जे आहेत त्यांना सगळे मामा म्हणतात. जन्म भोई घरातला, नोकरी गॅरेजात झाली, पण पाण्याचा नाद सुटला नाही. त्यांच्या गळाची पिशवी मी उघडून पाहिली. जाड-बारीक तंगूस गुंडाळलेल्या लाकडी फळ्या, औषधाच्या डबीत नंबरवार लावलेले गळ, शिशाचे तुकडे, मोरपिसाच्या दांडीचं तरंगतं, आणि कणीक झाकून ठेवायला ओला फडका. कणकेत ते थोडी शेंगदाण्याची पेंड मळतात. रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाशी, त्यांना वास लागतो. कटला वरच्या थरातून खातो, त्याच्यासाठी गळ तरंगता ठेवावा लागतो. मरळीला कणीक चालत नाही, तिला हलतं काहीतरी हवं.

आमच्याकडे गळ टाकणं वाटतं तितकं मोकळं नाही. जलाशयातल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. संस्था बोटुकली विकत आणते, पाण्यात सोडते, वाढायची वाट पाहते. तेव्हा गळाला लागलेल्या प्रत्येक रोहूमागे कुणाचे तरी पैसे असतात. ही मंडळी संस्थेला विचारून बसतात, ठरलेली रक्कम भरतात, आणि संस्थेच्या जाळ्यांच्या वेळा सांभाळतात. काठावरची ही शिस्त पुढे रत्नागिरीत त्यांच्या फार उपयोगी पडली.

धरणात मासा कुठे बसतो हे मामांना कसं कळतं, याचं उत्तर दुष्काळात आहे. २०१६च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वेगाडी सुरू झाली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, त्यांत पाच लाख लिटर पाणी. ती गाडी आमच्याच रुळांवरून गेली. स्टेशनात उभं राहून लोकांनी पाणी जाताना पाहिलं. त्या दिवसांत मामा धरणाच्या भेगाळलेल्या पोटातून चालत हिंडले. बुडालेली विहीर, जुन्या शेतांचे बांध, बाभळीची खोडं, ओढ्याचं मूळ पात्र, सगळं उघडं पडलं होतं. काठावरच्या खुणांशी त्यांनी एकेकाची सांगड घातली. हे झाड आणि त्या टेकडीवरचं देऊळ एका रेषेत आलं की समोर विहीर. पुढच्या पावसाळ्यात पाणी भरलं आणि त्या खुणा कामाला आल्या.

‘पानी असल्यावर काय दिसतंय?’ ते मला म्हणाले. ‘नसल्यावर बघून ठिवावं लागतंय.’

द्वादशीचा मुहूर्त

स्पर्धेची तारीख ठरवताना थोडी ओढाताण झाली. रत्नागिरीकरांनी आधी पौष शुद्ध एकादशी धरली होती. आमच्या मंडळींत माळकरी दोघं. ते मासा खात नाहीत, धरणातला पकडलेला मासाही परत सोडतात किंवा दुसऱ्याला देतात. पण एकादशीला गळाला हात लावायचा नाही, हे पक्कं. फोन झाले आणि स्पर्धा एक दिवस पुढे, द्वादशीवर गेली.

रत्नागिरीकरांना तिथीच का लागते, ते समुद्राचं गणित आहे. कोकणात भरतीची वेळ काढायला घड्याळ किंवा तक्ता लागत नाही. चालू तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला हिशोब सव्वाअकरावर येतो, प्रत्यक्षात पाणी बाराच्या आगेमागे भरतं. भरती दिवसातून दोनदा, साधारण बारा तास पंचवीस मिनिटांच्या अंतराने. मधल्या वेळी ओहोटी. रोज चंद्र सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि त्याच्याबरोबर पाणीही तेवढंच मागे सरकतं. पाऊण तासाचा गुणक त्यातूनच आला. हा हिशोब मुंबईच्या पाण्याला चांगला जुळतो. भरतीची लाट किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे चढत जाते, म्हणून रत्नागिरीत पाणी थोडं आधी भरतं. तिथले लोक ती वजाबाकी मनातच करतात.

आमच्या मामांना हे फोनवरच समजलं. त्यांच्या घरी पंचांग असतंच. चतुर्थी, एकादशी, प्रदोष पाहायला ते रोज उघडलं जातं. वेळ अमावस्येला शेतात आंबील आणि भज्जी खाऊन झाली होती, त्यानंतर बारा दिवस मोजले की द्वादशी. ज्या पंचांगातून आमच्या घरात उपवास ठरतात, त्याच पंचांगातून तिकडे होड्या पाण्यात कधी लोटायच्या ते ठरतं. हे कळल्यावर समुद्राची भीती अर्धी गेली, असं मंडळींतल्या एकाने नंतर सांगितलं. मलाही तसंच वाटलं.

वेळेबरोबर जोरही पाहावा लागतो. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराचं उधाण, अष्टमीच्या सुमाराचा भांग. उधाणाला पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ओढ जबर असते. भांगाला पाणी आळसावल्यासारखं थोडंसंच हलतं. मुंबईला मोठ्या उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढतं. दक्षिणेला येऊ तशी ही उंची कमी होते, मालवणकडे ती जवळजवळ निम्मी. गळाला मधलं पाणी बरं. भांग सरून उधाण चढू लागलेलं असतं तेव्हा प्रवाह इतका असतो की मासा खायला हिंडतो आणि इतकाही नसतो की शिसं वाहून जावं. एकादशी-द्वादशी अशीच मधली. शिवाय हिवाळ्यात मोठ्या उधाणाची भरती रात्रीची असते. जाणती माणसं रात्री उभी राहतात, पण पाहुण्यांना अंधारात पाण्यात उतरवायचं नाही, हे यजमानांनी आधीच ठरवलं होतं.

ओहोटीला वाचलेली पुळण

येडशीहून रत्नागिरी चारशे किलोमीटरहून अधिक. बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज, कोल्हापूर आणि मग आंबा घाट. दशमीला पंढरपुरात कळसाचं दर्शन झालं. एकादशीला दुपारी आम्ही भाट्याच्या पुढे एका लांब पुळणीवर उभे होतो. सुरूची झाडं, त्यांच्यापुढे वाळू, आणि खूप लांब गेलेलं पाणी. ओहोटी पूर्ण भरात होती. उपवास असलेल्या दोघांनी केळी खाल्ली आणि मामांनी चपला काढल्या.

पुढचे दीड तास मी त्यांच्या मागे चालत होतो. या लेखातला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग हाच.

वरून पाहिलं तर पुळण सपाट दिसते. ओहोटीच्या वेळी तिच्यावरून चाललं की ती सपाट नाही हे पायाला कळतं. किनाऱ्याला समांतर वाळूचे लांबट उंचवटे असतात आणि त्यांच्यामध्ये चर. ओहोटीला चरांत पाणी साचून राहतं. काही ठिकाणी उंचवटा तुटलेला असतो. तिथून साचलेलं पाणी समुद्राकडे परत जातं आणि वाट खोल करत जातं. भरती येते तेव्हा लाटा उंचवट्यावर फुटतात, वाळू ढवळते, तिच्यातले किडे, शिंपले, छोटे खेकडे उघडे पडतात आणि चरात येतात. मासा त्या तुटलेल्या वाटेने आत शिरतो आणि चरातून खात हिंडतो. म्हणून गळ जितका लांब तितका मासा मोठा, हा नवशिक्यांचा समज फसवा आहे. कितीतरी वेळा मासा टाकणाऱ्याच्या मागे, कमरेएवढ्या पाण्यात असतो.

मामा एका तुटीपाशी थांबले. पायाने खोली पाहिली. चराच्या तळाशी वाळू काळपट आणि भुसभुशीत होती, उंचवट्यावर ती घट्ट आणि पांढरी. त्यांनी मागे वळून सुरूच्या रांगेकडे पाहिलं, एक वाकडं झाड हेरलं, त्याच्या मागच्या टेकडीवरचा मनोरा हेरला. मग पुन्हा समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. धरणाच्या कोरड्या पोटात त्यांनी हेच केलं असणार.

‘आमचं धरण धा वर्सातनं एकदा पोट दावतंय,’ ते यजमानांना म्हणाले. ‘तुमचा समिंदर रोज दोनदा दावतोय की, सर.’

यजमान शिक्षक आहेत. ते म्हणाले, ‘मामा, पण तो रोज बदलतो. पावसाळ्यानंतर ही पुळण सगळी नवीन असते. गेल्या वर्षीची तूट यंदा नाही.’ मामांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा काळजी दिसली. दहा वर्षं टिकणारं ज्ञान इथे एका हंगामापुरतं होतं.

कल्याणीच्या राजाचा विनोद

गळ लावून मासा धरण्याची हौस इंग्रजांनी आणली, असं पुष्कळांना वाटतं. क्लब, काठी, रीळ आणि बक्षीस ही मांडणी त्यांची हे खरं. पण हौस आपल्याकडे फार जुनी आहे आणि तिचा पुरावा आमच्या जिल्ह्याच्या अगदी शेजारचा आहे. उमरग्याच्या पलीकडे, आता कर्नाटकात असलेलं बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची कल्याणी. तिथला राजा सोमेश्वर तिसरा याने ११३०च्या आसपास ‘मानसोल्लास’ रचला. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, असे शंभर अध्याय. राज्य कसं मिळवावं इथपासून स्वयंपाक, रत्नं, हत्ती, संगीत, कुस्ती इथपर्यंत. त्यातल्या विनोदांच्या विंशतीत एक अध्याय मत्स्यविनोदाचा आहे, आणि तो गळाचा आहे.

त्यात समुद्रातले मासे वेगळे, नदीतले वेगळे. खवल्यांचे वेगळे, बिनखवल्यांचे वेगळे. पस्तीसच्या आसपास जाती येतात. कोणता मासा कुठे राहतो, काय खातो, त्याला चारा घालून एका जागी कसं सवयीचं करावं, दोरी कशी असावी, काठी कशी असावी, हे सगळं आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या अध्यायावर विस्ताराने लिहिलं. ते तेव्हा भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाचे संचालक होते. इंग्रजीतलं गळाचं सर्वांत प्रसिद्ध पुस्तक, आयझॅक वॉल्टनचं, १६५३चं. सोमेश्वराचा अध्याय त्याच्या पाचशे वर्षं आधीचा. समुद्रापासून इतक्या लांब राजधानी असलेल्या राजाने समुद्रातले मासेही नोंदवावेत, याचं मला अप्रूप वाटतं. त्याच्यामागे कोकणातले किती गळवाले, भोई, कोळी उभे असतील आणि त्यांनी किती सांगितलं असेल, हे ग्रंथात लिहिलेलं नाही. पण राजाला ते पाण्याच्या माणसांकडूनच कळलं असणार.

इंग्रज आले तेव्हा त्यांनी इथल्या नद्यांत महसीर पाहिला आणि वेडे झाले. दक्षिण कानडा जिल्ह्याचा कलेक्टर राहिलेल्या हेन्री सलिव्हन थॉमसने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ लिहिलं. तिकडे इंग्लंडमध्ये १८९३ साली ब्रिटिश सी अँगलर्स सोसायटी निघाली आणि समुद्रकाठच्या गळाच्या स्पर्धांना रूप आलं. तिथल्या हिवाळी स्पर्धा आजही थंड, वादळी किनाऱ्यावर होतात. किनारा ठरावीक अंतरावर खुंट्या ठोकून वाटतात, चिठ्ठी काढून जागा देतात, कॉड आणि व्हायटिंगसारखे मासे धरतात. आपल्याकडे क्लबाची परंपरा समुद्रापेक्षा तळ्याकाठी जास्त रुजली. मुंबईत पवई तलावाच्या काठी महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे. १८९१ साली शहराच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव, ज्यात आजही मगरी आहेत. तळ्यात मत्स्यबीज सोडणं, तळं स्वच्छ राहावं म्हणून धडपडणं ही कामं तिथल्या गळवाल्यांनी केली आहेत. महसीरची पिल्लं लोणावळ्याजवळच्या वळवण इथे टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून वाढवली जातात आणि देशभर नद्या-तळ्यांत सोडली जातात. गळवाला मासा मारतो आणि त्याच माशासाठी झटतो, हे बाहेरच्याला पटकन कळत नाही. ज्याला पुढच्या रविवारीही त्याच काठावर बसायचंय, त्याला मासा संपून चालत नाही.

सहा वाजता, पाठीवर वारा

द्वादशीला पहाटे पुळणीवर विजेऱ्या फिरत होत्या. डब्यातून चिठ्ठ्या निघाल्या. पन्नास-पन्नास पावलांवर बांबूच्या काठ्या रोवून त्यांना नंबर दिले होते. मामांना मिळालेली काठी त्यांच्या वाकड्या सुरूपासून बरीच लांब, सपाट वाळूसमोर. ते काही बोलले नाहीत. त्यांची हेरलेली तूट एका कॉलेजातल्या मुलीच्या वाट्याला आली. मामा तिच्याजवळ गेले, बोटाने झाड आणि मनोरा दाखवला, आणि आपल्या काठीकडे परतले.

नियम थोडेच आणि समजणारे. एका माणसाची एक काठी, दोरीला जास्तीत जास्त दोन गळ. सहाला सुरुवात, नऊला शेवट. त्यात भरती पूर्ण होऊन पाणी फिरायला लागतं. मासा मोजायचा, फोटो काढायचा, सोडायचा. सेंटिमीटरला गुण, किलोला नाही. शिंगाळा आणि पाकट यांना हाताने धरायचं नाही, पक्कडीने गळ काढायचा. शिंगाळ्याच्या पाठीचा आणि कल्ल्यांजवळचा काटा विषारी असतो आणि पाकटाच्या शेपटीवरचा त्याहून वाईट. टोचलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवायचा, वेदना उतरते, आणि मग डॉक्टरकडे जायचं. त्यासाठी दोन थर्मास पाणी तयार होतं. शेवटचा नियम मला सर्वांत आवडला. कुणा मच्छीमाराची होडी कांडाळं घेऊन समोर आली किंवा कुणी पाग टाकायला उतरला, तर त्या पट्ट्यातल्यांनी गळ गुंडाळायचा. तक्रार करायची नाही. त्यांचं पोट त्यावर, आपली हौस. आमच्या मंडळींना हे नव्याने सांगावं लागलं नाही.

आमच्यापैकी बहुतेकांनी बारा फुटी काठी कधी हातात धरली नव्हती. यजमानांनी त्यांना दिल्या आणि मांडणी समजावली. दोरीच्या टोकाला शिसं, त्याच्या वर दोन आखूड फांद्यांवर गळ. शिसं वाळूत रुततं, आमिष वर तरंगतं, नाहीतर खेकडे दोन मिनिटांत फस्त करतात. आमिष कोळंबीचं. साल अर्धी काढायची, गळ शेपटीकडून आत घालून आतल्या आत वळवायचा, आणि बारीक लवचीक दोऱ्याने आमिष गळाला बांधून टाकायचं, म्हणजे फेकताना सुटत नाही. मामांनी कोळंबी पहिल्यांदा चुकवली, दुसऱ्यांदा यजमानांपेक्षा नीटस बसवली. फेकताना जोर खांद्याचा नाही, काठीच्या वाकण्याचा. काठी वाकून सरळ होते, शिसं जातं.

मतलई वारा सुटला होता. रात्रभर गार झालेल्या जमिनीवरून समुद्राकडे जाणारा. हिवाळ्यातली पहाट गळाला बरी, त्याचं अर्धं कारण हा वारा. तो पाठीवरून येतो, फेक लांबवतो आणि लाटांच्या माथ्यावर हात फिरवून त्या बसवतो. दहा-अकरानंतर वारा उलटतो, खारा वारा सुरू होतो आणि पाणी खवळतं. पावसाळ्यात ही पुळण जवळ जाण्यासारखी नसते. जून-जुलैत यांत्रिक होड्यांनाही बंदी असते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणी गढूळ असतं. थंडी पडली की पाणी निवळतं आणि मुडदुशा किनाऱ्याला लागतात.

मुडदुशी हा पुळणीचाच मासा. वीतभर, रुपेरी, तोंड पुढे निमुळतं. घाबरला की वाळूत शिरून बसतो. तिचं खाणं इतकं हलकं की काठीच्या टोकाला बांधलेलं घुंगरूही वाजत नाही. टोक दोनदा बारीक थरथरतं आणि थांबतं. तेव्हा ओढायचं. कोकणात तिच्यासाठी पोरं आजही हातदोरीने गरवतात. आणि इथेच धरणवाल्यांनी यजमानांना चकित केलं. मामांनी काठी तिच्या आधारावर ठेवून दिली, रिळाची दोरी अंगठा आणि तर्जनीत धरली आणि डोळे मिटल्यासारखे उभे राहिले. रोहू कणीक चोखतो तेव्हा दोरीला येणारा ताण त्यांच्या बोटांना चाळीस वर्षं ठाऊक आहे. एक झटका, आणि मुडदुशी वाळूवर. सपाट वाळूसमोरच्या त्या रित्या जागेत त्यांना तासाभरात तीन मिळाल्या.

तुटीसमोरच्या मुलीला त्या दिवशीचा मोठा मासा लागला, तांबोशी. दोरी कर्रकन सुटली, काठी अर्ध्यावर वाकली, आजूबाजूच्यांनी आपापले गळ गुंडाळून तिला जागा दिली. तांबोशी वाळूवर आली तेव्हा तिच्या अंगावर उजेड नुकताच पडत होता आणि ती तांब्याच्या घागरीच्या रंगाची दिसत होती. बाकी कुणाला शिंगाळे, कुणाला बोय, एकाला केंड. केंड फुगला, सगळ्यांनी पाहिला आणि तो परत गेला. तो विषारी असतो, खात नाहीत. निकाल काय लागला हे त्यानंतर कुणी फारसं विचारलं नाही. तांबोशीची लांबी सर्वांनी पाहिली होती.

मोजपट्टी आणि वही

मोजायची पद्धत पाहण्यासारखी होती. पीव्हीसीचा जाड पाइप उभा चिरून केलेली पन्हळ, तिच्या तळाला शिंप्याची टेप चिकटवलेली, आत समुद्राचं पाणी. हात आधी पाण्यात ओले करायचे, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा पुढे रोगाने मरू शकतो. मासा पन्हळीत ठेवायचा, तोंड टोकाला टेकवायचं, आकडा वाचायचा, फोटो, आणि दोन्ही हातांत धरून पाण्यात. लगेच सोडायचा नाही. प्रवाहाकडे तोंड करून क्षणभर धरायचा, कल्ले चालू झाले की तो आपणच निसटतो.

ही काळजी कुणाला अतिरेकी वाटेल. दोन-चार मुडदुशांनी समुद्राचं काय बिघडतं? खरंच काही बिघडत नाही. गळवाले समुद्र वाचवतात असं मी म्हणणार नाही. मोठ्या जाळ्यांपुढे त्यांचा हिशोब नगण्य आहे. महाराष्ट्राने २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध घातले, २०१७ साली केंद्राने एलईडी दिव्यांनी मासेमारी करायला बंदी केली, आणि तरीही किनाऱ्यावरचे छोटे मच्छीमार या दोन्हींबद्दल अजून भांडत आहेत. २०२३ साली राज्याने चोपन्न जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवली, त्याहून लहान मासा धरायचा नाही. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. पापलेटाची किमान लांबी १३५ मिलिमीटर. कारण साधं आहे: माशाने एकदा तरी अंडी घातलेली असावीत. हा नियम जाळ्याला पाळणं अवघड, कारण जाळं ओढेपर्यंत आत काय आहे ते कळत नाही आणि कळतं तेव्हा ते मेलेलं असतं. गळ ही मासेमारी अशी की जिच्यात मासा जिवंत हातात येतो आणि ठेवायचा की सोडायचा हे त्या क्षणी ठरवता येतं.

या गटाकडे एक वही आहे. यजमान शिक्षकांनी ती मला दाखवली. दर खेपेला तारीख, तिथी, भरतीची वेळ, वारा कुठून, पाणी निवळ की गढूळ, पुळणीचा कोणता भाग, आमिष, मासा, लांबी. जिथे काही लागलं नाही तिथे ‘काही नाही’ असं लिहिलेलं. मला ते रिकामे दिवस सर्वांत महत्त्वाचे वाटले, कारण बाजारात आलेल्या माशांची नोंद सरकार ठेवतं, न मिळालेल्या माशाची कुणीच ठेवत नाही. एकाच पुळणीवर, त्याच पद्धतीने, वर्षानुवर्षं कुणी असं लिहीत राहिलं, तर किनाऱ्याजवळच्या पाण्यात काय बदलतंय हे सांगणारा तो कागद होईल. रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, झाडगावला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. अशा वह्या तिथल्या टेबलावर गेल्या पाहिजेत. हौशी माणसाच्या हातून होणारं हे सर्वांत उपयोगी काम आहे, आणि महाराष्ट्रातल्या ७२० किलोमीटर किनाऱ्यावर त्याला कुठेच जागा दिलेली नाही.

मामांनी ती वही बराच वेळ चाळली. त्यांना वाचनाची फार सवय नाही. तिथी आणि लांबी मात्र वाचता येत होती. ‘आमचं सगळं डोक्यातच हाय,’ ते म्हणाले. मांजरेच्या पोटातली विहीर, बांध, खोडं यातलं कशाचंही टिपण कुठे नाही. परत येताना आंबा घाटात त्यांनी मुलाला फोन करून वही आणायला सांगितली, दोनशे पानी, आखलेली.

फेब्रुवारीतली परतफेड

पाहुणचाराची परतफेड करायला हवी, म्हणून आमच्या मंडळींनी रत्नागिरीकरांना धरणावर बोलावलं. मत्स्य सहकारी संस्थेच्या अध्यक्षांना भेटायला मीही गेलो होतो. त्यांनी हरकत घेतली नाही, पण अटी घातल्या. किलोच्या आतला रोहू-कटला सोडायचा. जाळी लावलेल्या बाजूला जायचं नाही. मरळ लागली तर तिची नोंद संस्थेला द्यायची, कारण ती बोटुकली खाते आणि कुठे वाढली आहे हे त्यांना समजायला हवं. नावनोंदणीचे पैसे संस्थेच्या खात्यात जातील आणि त्यातून पुढच्या पावसाळ्यात बोटुकली आणली जाईल.

रत्नागिरीकरांकडून उलट फोन आला तो दोन गोष्टींसाठी. कणकेत पेंड किती घालायची, आणि पन्हळ आणायची की इथे आहे. मामांनी पेंडीचं प्रमाण सांगितलं, मूठभर कणकेला चिमूट, आणि पन्हळ आणा म्हणाले, दोन असल्या तर दोन्ही, कारण इथे कटला लागला तर तो एका पन्हळीत मावायचा नाही.